कागद वाचता येतो का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पीएच.डी.च्या प्रवेशाची वेळ आली की इतिहास घेऊन एम.ए. झालेल्या मुलामुलींना पहिली काळजी लागते ती गाईड मिळण्याची. मी प्राध्यापक नव्हे. बी.ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. पण मला उर्दू वाचता येते, म्हणून ही मुले जुन्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यामुळे त्यांचे नियमही वाचणे झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. नियम वाजवी आहेत. एकेकाने वीस-वीस विद्यार्थी नावावर ठेवण्यापेक्षा हे बरे. पण विभागात शिक्षक मोजकेच असले की विद्यार्थ्याला जो सापडतो तो जागा रिकामी असलेला गाईड, विषयाचा जाणकार नव्हे. मग विषयही गाईडच्या सोयीने ठरतो.

याच नियमांनी एम.फिल. बंद केली. पुष्कळांना ती निरुपयोगी पायरी वाटे. इतिहासापुरते मला तसे वाटत नाही. त्या वर्ष-दोन वर्षांत लहानसा विषय घेऊन मूळ कागदाशी झटापट करता येई. आता थेट पीएच.डी. कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६; पुनर्नोंदणी केली तर आणखी २. महिलांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत.

झटापट कशाशी, ते सांगतो. पेशवाईतले पत्र मोडीत असते. मोडी जमली तरी तारीख अडवते. आधी 'छ', मग आकडा, मग मोहरम किंवा रजब. हे महिने आमच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असतात, म्हणून मला ओळखीचे. पण सालाशी मीही अडखळलो होतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सन ११६१, इसवी सन १७६०-६१. पानिपत याच सालातले. मराठ्यांच्या दफ्तरात मराठी कारकून अरबी शब्दांत साल लिहीत होता, ही गोष्ट मला फार आवडते. पण ते साल वाचता आले नाही तर विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले. ते मोलाचे आहेतच. मात्र पुण्याच्या पुराभिलेखागारातले कोट्यवधी कागद त्या खंडांच्या बाहेर आहेत. छापलेल्यावरच प्रबंध लिहायचा तर तेच ते कागद पुन्हा पुन्हा वापरले जाणार.

मराठवाड्यात अडचण वेगळी. निजामाच्या राजवटीतले सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत. मागे एक मुलगी आली. विषय तिच्याच तालुक्यातल्या जमीनधाऱ्याचा, नोंदणी होऊन चौथे वर्ष चालू. महसुली कागदांचा गठ्ठा पुढे ठेवून म्हणाली, "सर, एवढे वाचून द्याल का?" उर्दूचे एक अक्षर तिला येत नव्हते. विषय मंजूर करणाऱ्या कोणीही तिला हा प्रश्न विचारला नव्हता. मी काही पाने वाचून दिली. बाकीचा गठ्ठा बघून तिचे डोळे भरून आले. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे तिने प्रगती सांगितलीच असेल. समितीनेही सह्या केल्या असतील.

यातून वाट नियमांतच आहे. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ श्रेयांक लागतात. त्यात संशोधनपद्धती आणि प्रकाशननीती सक्तीची. उरलेल्या श्रेयांकांत मोडी, फारसी किंवा उर्दू बसवायला विद्यापीठाला कोण अडवते? दुसरे, सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा घेता येतो. इतिहासाच्या गाईडने फारसीच्या शिक्षकाला सोबत घ्यावे, त्यात कमीपणा कसला? सर जदुनाथ सरकार फारसीचे जाणकार, सरदेसाई मराठी कागदांचे. एक बंगाली, एक मराठी. दोघांनी आयुष्यभर पत्रांतून एकमेकांच्या शंका फेडल्या. सरकार तर कामशेतला सरदेसाईंच्या घरी येऊन राहत. दोघांपैकी कोणाकडेही इतिहासाची कमावलेली पीएच.डी. नव्हती, हे बी.ए. असलेल्या माझ्यासारख्याने जरा जपूनच सांगावे. पदवीची निंदा मला करायची नाही. आजच्या मुलांना ती नोकरीसाठी लागते आणि तिच्यावर घरची उमेद टांगलेली असते. म्हणून तर चौथ्या वर्षी अडकणे परवडत नाही.

सल्लागार समितीची पहिली बैठक पहिल्याच सहामाहीत होते. त्या दिवशी टंकलिखित आराखड्याबरोबर त्या विषयातल्या एका मूळ कागदाची झेरॉक्सही टेबलावर ठेवावी आणि विद्यार्थ्याला म्हणावे, "वाच बाळ." अडखळला तर रागवू नये. मोडीचा किंवा उर्दूचा वर्ग कुठे भरतो ते सांगावे, आणि पुढच्या सहामाहीत तोच कागद पुन्हा समोर ठेवावा.