विश्वासाचे मत आणि फाटकाबाहेरची गर्दी

पक्षाच्या नेत्यावर आपल्याच माणसांचा विश्वास आहे का, हा प्रश्न दिल्लीत दोन ठिकाणी सोडवला जातो. पहिले ठिकाण सभागृह. तेथे विश्वासदर्शक ठराव येतो, बाजूने किती आणि विरोधात किती हे मोजले जाते. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे सभागृहातली शिरगणती बहुतेक वेळा पक्षांची असते, माणसांची नसते. दुसरे ठिकाण पक्षाची बैठक. तेथे मतपेटी क्वचितच येते. ठराव वाचला जातो, टाळ्या पडतात आणि तो एकमताने संमत झाल्याचे बाहेर सांगितले जाते.

ब्रिटनच्या हुजूर पक्षात खासदार आपल्या नेत्याबद्दल गुप्त मतदान करतात. डिसेंबर २०१८ मध्ये थेरेसा मे यांना २०० विरुद्ध ११७ आणि जून २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांना २११ विरुद्ध १४८ मते पडली. दोघेही जिंकले. पण विरोधातला आकडा साऱ्या देशाला दिसला आणि दोघांनाही पुढे पद सोडावे लागले. आपल्याकडे हा आकडाच दिसत नाही. मग नेत्याच्या बंगल्याच्या फाटकाकडे पाहिले जाते. किती जण जमले, घोषणा कोणाच्या नावाने झाल्या, पुतळा कोणाचा जळला, यावरून विश्वासाचे माप काढले जाते.

आकडा दिसल्याचा एक जुना प्रसंग आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंदला निधन झाले आणि काँग्रेस संसदीय पक्षाला नवा नेता निवडायचा होता. १९ जानेवारीला संसदेत गुप्त मतदान झाले. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते मिळाली. बाहेर लोक ताटकळत उभे होते. मतमोजणी संपली, तेव्हा गर्दीतून “मुलगा की मुलगी?” असे विचारले गेले आणि “मुलगी” हे उत्तर ऐकून एकच जल्लोष झाला, अशी आठवण सांगितली जाते. घरात बाळ जन्मल्यावर दाराशी उभ्या शेजाऱ्यांनी विचारावे तसा तो प्रश्न होता. निकाल लोकांनी ठरवला नव्हता, तरी तो आपल्या घरचा वाटावा एवढा मोकळेपणा त्यात होता. मोरारजींना मिळालेली १६९ मतेही लपवली गेली नाहीत.

पुढे हा मोकळेपणा ओसरला. १९६९ च्या जुलैमध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा टॅक्सीवाले, रिक्षावाले, कामगार यांचे जथे पंतप्रधानांच्या सफदरजंग रोडवरच्या घरी येऊ लागले. त्यांतले पुष्कळ जण मनापासून आले होते, यात शंका नाही. नोव्हेंबरमध्ये पक्षश्रेष्ठींनी इंदिरा गांधींना पक्षातून काढले, तेव्हा संसदीय पक्षाने लागलीच त्यांच्यावर विश्वास व्यक्त केला आणि काँग्रेस दुभंगली. पक्षनेत्याच्या झगड्यात फाटकाबाहेरची गर्दी कामी येते, हा धडा मात्र त्या वर्षी सर्वांनीच गिरवला.

१९७५ च्या जूनमध्ये तो धडा पुरता वापरला गेला. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द ठरवली. त्याच दिवसापासून १, सफदरजंग रोडसमोर समर्थकांचे तांडे उतरू लागले. दिल्ली परिवहन महामंडळाच्या बसगाड्या त्यासाठी राबवल्या गेल्या. पुढे, आणीबाणीनंतर नेमलेल्या शाह आयोगाने या बसगाड्यांची चौकशी केली आणि सरकारी यंत्रणेच्या गैरवापरावर बोट ठेवले. १८ जूनला काँग्रेस संसदीय पक्षाने इंदिरा गांधींच्या नेतृत्वावर पूर्ण विश्वासाचा ठराव केला. त्यांचे नेतृत्व देशाला अपरिहार्य आहे, असा त्याचा आशय होता. विरोधात किती हा प्रश्नच उरला नव्हता.

या ठरावावर सामान्य माणसाला काय वाटले? २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली, हे एक उत्तर होते. त्याच रात्री आणीबाणी लागली. बहादूरशाह जफर मार्गावर ओळीने वृत्तपत्रांची कार्यालये आहेत. तेथली वीज तोडली गेली. छापखाने थांबले, त्यामुळे प्रतिक्रिया उमटायला कागदही उरला नाही. ती एकवीस महिन्यांनी मतपेटीतून आली. मार्च १९७७ मध्ये दिल्लीतल्या सातही लोकसभा जागा काँग्रेसने गमावल्या. ज्या शहरातून बसगाड्या भरून माणसे आणली गेली, त्या शहराने मतदानाच्या दिवशी कौल दिला तो असा.

विश्वास मोजण्याच्या दोन्ही रीती पाच-सहा आठवड्यांत पाठोपाठ दिसल्या त्या १९९९ साली. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर अटलबिहारी वाजपेयी सरकारने लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. १७ एप्रिलला मतदान झाले. बाजूने २६९, विरोधात २७०. ओरिसाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांनी लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. त्यांनी ठरावाविरुद्ध मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाची भूमिका झुगारून विरोधात मत टाकले. एका मताने सरकार पडले, हे वाक्य घराघरांत, चौकाचौकांत पोचले. शाळकरी मुलाला समजेल इतका सोपा तो हिशेब होता आणि सोप्या हिशेबाची हळहळ खोल जाते.

महिनाभरात काँग्रेसची पाळी आली. १५ मेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत गोव्याचे उमेदवार ठरायचे होते. तेथे शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा पुढे आणला. १७ मेला सोनिया गांधींनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पक्षाचे तेव्हाचे मुख्यालय २४, अकबर रोड आणि त्यांचे निवासस्थान १०, जनपथ ही दोन्ही आवारे एकमेकांना लागून आहेत, मधल्या छोट्या फाटकाने जोडलेली. त्या काही दिवसांत दोन्हीकडे धरणी, उपोषणे, रडारड आणि तिघांच्या पुतळ्यांची होळी चालली होती. २० मेला तिघांना पक्षातून काढले. २४ मेला राजीनामा मागे घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी तालकटोरा स्टेडियममध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने नेत्याचे जयजयकारात स्वागत केले. या साऱ्यात एकही मतपत्रिका वापरली गेली नाही. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा सोनिया गांधींना ७,४४८ आणि जितेंद्र प्रसाद यांना ९४ मते मिळाली.

  

१९९९ च्या त्या दोन निकालांवर लोकांची प्रतिक्रिया काय होती, ते शरद ऋतूत कळले. नोव्हेंबर १९९८ मध्ये याच दिल्लीने विधानसभेच्या ७० पैकी ५२ जागा काँग्रेसला दिल्या होत्या. वर्षाच्या आत लोकसभेच्या सातही जागा भाजपकडे गेल्या. मधे कारगिलचे युद्ध झाले होते, तेव्हा सारे श्रेय त्या एका मताला देता येणार नाही. पण फाटकाबाहेरची गर्दी म्हणजे दिल्लीचे मत नव्हे, एवढे नक्की दिसले. महाराष्ट्रात पवारांच्या नव्या पक्षाला विधानसभेच्या ५८ आणि काँग्रेसला ७५ जागा मिळाल्या. जनपथवर ज्यांचे पुतळे जळले, त्यांच्याच पक्षाशी हातमिळवणी करून काँग्रेसला मुंबईत सरकार बनवावे लागले.

लोकांची प्रतिक्रिया नेहमी शिक्षेचीच असते असेही नाही. २ जानेवारी २०१४ रोजी अरविंद केजरीवाल यांनी दिल्ली विधानसभेत काँग्रेसच्या पाठिंब्यावर विश्वासमत जिंकले आणि ४९ दिवसांत सरकार सोडले. मे महिन्यात दिल्लीच्या सातही लोकसभा जागा भाजपने घेतल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच मतदारांनी आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ आमदार दिले. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी केजरीवाल यांनी पुन्हा विश्वासदर्शक ठराव मांडला. पक्षाचे आमदार ६२ होते, ठरावाच्या बाजूने ५४ मते पडली.  दिल्लीकरांची वेळ ५ फेब्रुवारी २०२५ ला आली. तीन दिवसांनी मोजणी झाली तेव्हा भाजपला ४८ आणि आम आदमी पक्षाला २२ जागा मिळाल्या होत्या, आणि नवी दिल्ली मतदारसंघात स्वतः केजरीवाल हरले होते.