निकालाआधीचा तोटा





पेटंटच्या दाव्याची बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, भरपाई किती मागितली? कंपनीच्या नफ्याला बसणारा मोठा फटका मात्र निकालाच्या कितीतरी आधी बसून गेलेला असतो, असं मी ठामपणे सांगू इच्छितो. अंतरिम मनाईचा आदेश होतो त्या दिवशी तो बसतो, आणि पुढे तारखांगणिक वाढत जातो. लेखापाल म्हणून आपण तयार करतो त्या ताळेबंदात त्याला रकाना नाही.

पुण्यात बोलतो आहे, तेव्हा घरचंच प्रकरण घेतो. बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. २००५ मध्ये पेटंट मिळालं. तोवर पल्सर मोटरसायकलमुळे या रचनेचं डीटीएस-आय हे नाव गल्लोगल्लीच्या मेकॅनिकला पाठ झालं होतं. डिसेंबर २००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची फ्लेम ही मोटरसायकल आणली. तिच्या इंजिनातही दोन प्लग. आमचं इंजिन तीन व्हॉल्व्हचं आहे, रचना वेगळी आहे, असं टीव्हीएसचं म्हणणं. बजाजच्या दाव्यात फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी अंतरिम मनाई दिली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली.

हे मधले पंधरा महिने कॉस्टिंगच्या नजरेने पाहा. नव्या मॉडेलचा खर्च पहिली गाडी विकण्याआधीच झालेला असतो. डाय, फिक्स्चर, चाचण्या, जाहिरात, डीलरांकडचा माल. अपेक्षित विक्रीवर तो वाटून आपण गाडीमागचा खर्च काढतो. विक्री अडली की तोच बोजा थोड्या गाड्यांवर येतो आणि मार्जिन संपतं. टीव्हीएसने एकच प्लग ठेवून फ्लेम विकायला काढली, पण ती बाजारात रुजली नाही. मनाई पुढे उठली, तरी लाँचच्या वेळची ग्राहकाची उत्सुकता कोणतंही खंडपीठ परत मिळवून देऊ शकत नाही.

अशा वेळी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती छोट्या पुरवठादाराची. एकाच मॉडेलच्या सुट्या भागासाठी तो कर्ज काढून टूलिंग करतो. दाव्यात तो पक्षकार नसतो, त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो.

आता पेटंटधारकाची बाजू. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमची विक्री चालू राहू दिली, विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं, आणि रोजच्या रोज सुनावणी घेऊन ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत दावा निकाली काढा, असं बजावलं. दोन्ही कंपन्यांनी वाद आपसांत मिटवला तो २०१९ मध्ये. पेटंटचं आयुष्य अर्जापासून वीस वर्षांचं. त्यातली बारा भांडणात गेली. त्या काळात दोघांचाही नफा कितीतरी पटींनी वाढला, पण तो नव्या गाड्यांनी आणि निर्यातीने वाढवला. कोर्टात खर्च झालेल्या इंजिनिअरांच्या आणि संचालकांच्या वेळाचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही.

दावा पूर्ण चालून जिंकला तर? पोलरॉइडने १९७६ मध्ये कोडॅकवर दावा लावला. कोडॅकला १९८६ मध्ये इन्स्टंट कॅमेऱ्याचा धंदाच बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये साडेब्याण्णव कोटी डॉलर मोजावे लागले. एवढी रक्कम हाती आलेली पोलरॉइड दहा वर्षांनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती, कारण छायाचित्रणाचा बाजारच बदलत होता.

पेटंटला माझा विरोध नाही. ज्याने वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत पैसा ओतला, त्याला संरक्षण मिळालंच पाहिजे, आणि लवकर मिळालं पाहिजे. माझी तक्रार आपल्या व्यवसायाशी आहे. इंड एएस ३७ प्रमाणे देणं संभवत असेल आणि त्याचा भरवशाचा अंदाज करता येत असेल तर आपण तरतूद करतो, नाहीतर संभाव्य देणी म्हणून टीप देतो. वकिलाचं पत्र फाइलला लावतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. भागधारकाला कळायला हवं ते त्या टिपेत नसतं: मनाई आली तर विक्रीतला किती हिस्सा थांबेल? पर्यायी रचना तयार आहे का, ती बसवायला किती महिने आणि किती पैसे लागतील? पुरवठादारांचं किती टूलिंग अडकेल? दावा लावणाऱ्या कंपनीनेही सांगावं, की पेटंटची उरलेली वर्षं किती आणि परवाना देऊन स्वामित्वशुल्क घेण्याचा विचार केला होता का.

हे सांगायला नवा कायदा लागत नाही. संचालकांच्या अहवालात एक पान वाढवलं तरी पुरे. या परिषदेच्या उद्याच्या खुल्या अधिवेशनात याच मजकुराचा ठराव मी मांडणार आहे. त्यावर सविस्तर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, आणि येत्या आर्थिक वर्षाच्या अहवालांपासून तो आपापल्या कंपनीत अमलात आणा, अशी आपणा सर्वांना माझी विनंती आहे.