उडी त्यांची, पोटात गोळा आमच्या

(रेडिओवरील भाषण)



२०१४ सालच्या ऑगस्टमध्ये मी लंडनच्या पश्चिमेला, हॅरो भागात, लेकीकडे राहायला गेले होते. नऊ वर्षांच्या नातवाला सुट्टी, लेक-जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे आजीची नेमणूक झाली होती. दिवसभर नातू आणि मी. शनिवारी संध्याकाळी मात्र सगळं घर टीव्हीसमोर, आणि सोबतीला शेजारच्या आजीबाई. वयाने माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, आणि येताना स्वतःच्या चहाचा मग भरून घेऊन येणाऱ्या. आमचा आल्याचा चहा त्यांना सोसत नसे.

त्या महिन्यात बीबीसी वनवर 'टम्बल' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. टम्बल म्हणजे कोलांटी. दहा नामवंतांना काही आठवड्यांत जिम्नॅस्टिक्स शिकवायचं, दर शनिवारी झगमगत्या मंचावर त्यांच्याकडून करून घ्यायचं, परीक्षकांनी गुण द्यायचे, लोकांनी फोनवरून मतं द्यायची, एकेक जण बाद होत जायचा आणि सहा आठवड्यांनी कुणीतरी एक जिंकायचा. सूत्रसंचालन ॲलेक्स जोन्स यांचं. मला त्यात रस असण्याचं कारण वेगळं. मी लहानपणापासून दोरीचा मल्लखांब केला, पुढे महापालिकेच्या शाळेत मुलींना पी.टी. शिकवली. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरून धरून पडलेला घट्टा माझ्या पायाला अजून आहे. त्यामुळे कुणी उलटं लटकलं की माझे डोळे आपोआप त्याच्या पकडीकडे जातात.

पहिल्याच शनिवारी पहिली प्रतिक्रिया आली ती जावयांची. "आई, ह्यातलं एकही माणूस मला ओळखता येत नाही. हे नामवंत कसले?" हा प्रश्न त्या उन्हाळ्यात त्या देशातल्या बऱ्याच घरांत विचारला गेला असणार. आणि त्याचं उत्तर आमच्या एकाच सोफ्यावर तीन प्रकारे मिळालं. शेजारच्या आजीबाईंना पीटर डंकन दिसल्याबरोबर भरतं आलं. 'ब्लू पीटर' या मुलांच्या जुन्या कार्यक्रमाचे ते एकेकाळचे निवेदक. आजीबाईंची मुलं त्यांना बघत लहानाची मोठी झालेली. लेकीला 'गर्ल्स अलाउड' या गायिकांच्या गटातली सेरा हार्डिंग पाठ होती. नातवाला या दोघांचाही पत्ता नव्हता, पण बॉबी लॉकवूड आला आणि तो सोफ्यावर उभा राहिला. "आजी, हा वुल्फब्लडमधला!" 'वुल्फब्लड' ही मुलांच्या वाहिनीवरची लांडगामाणसांची मालिका. मोठ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसलेला हा मुलगा सप्टेंबरमध्ये ती स्पर्धा जिंकला. जावयांना मी कार्ल फ्रॉच दाखवला. हा बॉक्सर, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेम्बली स्टेडियमवर ऐंशी हजार लोकांसमोर जॉर्ज ग्रोव्ह्सला आडवा करून आलेला. मग कुठे जावई चष्मा पुसून नीट बसले.

दुसरी प्रतिक्रिया कंटाळ्याची होती, आणि ती मला पटली. बीबीसीवर नामवंतांचा नाच २००४ पासून चालू. २००६ पासून दुसऱ्या वाहिनीवर नामवंत बर्फावर नाचत होते. २०१३ मध्ये त्यांना तलावात सूर मारायला लावलं. २०१४ च्या जानेवारीत आणखी एका वाहिनीने त्यांना बर्फाच्या उतारावरून स्कीवर उड्या मारायला धाडलं. जमीन, बर्फ, पाणी, डोंगर सगळं संपल्यावर उरली हवा. लेक म्हणाली, "आता पुढच्या वर्षी तोफेत घालून उडवतील."

पण नुसत्या कंटाळ्यावर कार्यक्रम पडत नाहीत. आपल्याकडे एसेमेस पाठवून गायक वाचवण्याची साथ आली होती तेव्हा कंटाळ्याने कण्हतसुद्धा लोक बघतच होते. 'टम्बल'ची अडचण मुळातच होती, आणि ती आमच्या घरात सगळ्यात आधी नऊ वर्षांच्या पोराच्या लक्षात आली.

पहिल्या आठवड्यात मी त्याला एवढंच शिकवलं होतं: चेहऱ्याकडे बघू नकोस, कपड्यांकडे बघू नकोस. हवेत असताना पायाची बोटं बघ आणि उतरताना गुडघे बघ. बोटं ताणलेली नसली तर शरीर अर्धवट झोपलंय. उतरताना गुडघे एकमेकांना सोडून गेले, पाऊल सरकलं, तर आधीची सगळी उडी घाईची होती. आमच्या व्यायामशाळेत बाई दोरीखाली उभ्या राहायच्या त्या वर न बघता. आम्ही खाली गादीवर आलो की नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायच्या, "पुन्हा." धप्प आवाज म्हणजे पुन्हा.

दुसऱ्या शनिवारपर्यंत नातू तयार झाला. हवेत टांगलेलं कडं, झगमगीत पोशाख, धूर, आणि नामवंताला दोन्ही बाजूंनी उचलणारे कसलेले जिम्नॅस्ट. नातू चमचा तोंडात धरून बघत होता. चमचा काढून म्हणाला, "आजी, उडी तो मारत नाही. त्याच्याकडून मारवतात."

इथेच सगळं होतं. नाच काही आठवड्यांत, बरा दिसण्यापुरता, शिकता येतो. पाऊल चुकलं तर तेच पुढच्या पावलात मिसळून टाकता येतं, संगीत सांभाळून घेतं, जोडीदार वळवून घेतो. हवेत असली सोय नाही. अर्धी कोलांटी म्हणजे निम्मे गुण नव्हेत, अर्धी कोलांटी म्हणजे मान. म्हणून नवशिक्याला बेताचंच द्यावं लागतं, पट्टे बांधावे लागतात, उचलणारे ठेवावे लागतात. आणि एवढं सगळं केलं की बघणाऱ्याला दिसतो तो उचलणारा. प्रेक्षकाला गुणांचे नियम पाठ नसतात, पण वजन कोण पेलतंय हे कळतंच. ते हमालाला कळतं, आईला कळतं.

तक्रार दुसऱ्या टोकाचीही होती. जॉन पार्ट्रिज हे 'ईस्टएंडर्स' मालिकेतले नट, पण मुळात 'कॅट्स'सारख्या संगीतिकांत नाचलेले. त्यांचं अंग वळायचं ते वर्षानुवर्षांच्या तालमीमुळे. जावई म्हणाले, "हा तर आधीच शिकलेला, मग स्पर्धा कसली?" म्हणजे येत नाही त्याला उचलतात म्हणून राग, आणि येतं त्याला येतं म्हणून राग! मी तसं म्हटलं, तर जावई हसून म्हणाले, "आई, आम्ही पैसे भरलेत लायसन्सचे." तिकडे टीव्ही बघायचा वार्षिक परवाना असतो, आणि तो भरला की प्रत्येकजण परीक्षक.

मतं देण्याची गंमत तर आजीबाईंनी दाखवली. शेवटच्या दोघांना घोड्यावरून, म्हणजे व्हॉल्टवरून, उडी मारून स्वतःला वाचवावं लागे. ती नामुष्की डंकनवर येऊ नये म्हणून त्या चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत, फोन फिरवायच्या. उडी चांगली झाली होती का, असं विचारलं तर म्हणायच्या, "छे, पण माणूस चांगला आहे." त्याच देशात २००८ मध्ये जॉन सार्जंट नावाच्या राजकीय पत्रकाराला नाचाच्या स्पर्धेत लोकांनी असंच उचलून धरलं होतं. चौसष्ट वर्षांचा गृहस्थ, पासो डोब्ले नाचताना त्याने जोडीदारणीला हाताला धरून अक्षरशः फरशीवरून ओढत नेलं. परीक्षक तळाचे गुण देत राहिले, लोक दर आठवड्याला त्याला वाचवत राहिले. शेवटी आपण जिंकलो तर थट्टा फारच लांबेल म्हणून त्यानेच नोव्हेंबरमध्ये अंग काढून घेतलं. लोक नाचाला मत देत नव्हते, परीक्षकांना चिमटा काढत होते.

'टम्बल'च्या परीक्षकांत मात्र चिमटा काढावा असं माणूस नव्हतं. मधोमध साक्षात नादिया कोमानेची. चौदा वर्षांच्या नादियाने १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये असमान बारवर दहापैकी दहा मिळवले, तेव्हा फलकावर उमटले १.००. दहाचा आकडा दाखवायची सोयच त्या फलकात नव्हती. प्रेक्षक क्षणभर गोंधळले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या जोडीला लुईस स्मिथ. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्सवर त्याचे आणि हंगेरीच्या बेर्कीचे गुण सारखेच, १६.०६६, पण करण्यातली सफाई बेर्कीची जास्त ठरली आणि स्मिथला रौप्य मिळालं. हे सांगितल्यावर नातवाने विचारलं, "सोळा कितीपैकी?" आता काय सांगणार. कितीपैकी असं काही नसतं बाळा. अवघडपणाचे वेगळे, सफाईचे वेगळे, दोन्हींची बेरीज. "मग नादियाचे दहा?" ते बंद झाले, २००६ पासून.

आणि ते बंद होण्यात बघणाऱ्यांच्या आरडाओरड्याचाही वाटा होता. अथेन्स, २००४. हाय बारची अंतिम फेरी. रशियाचा अलेक्सेई नेमोव्ह, कारकिर्दीच्या अखेरीस आलेला. बार सोडून, हवेत फिरून, पुन्हा बार धरायचा, असं त्याने सहा वेळा केलं. उतरताना एक पाऊल पुढे पडलं. गुण आले ९.७२५, आणि सगळं स्टेडियम बोंबलायला लागलं. पुढचा खेळाडू पॉल हॅम हाताला खडू लावून उभा, आणि त्याला सुरुवातच करता येईना. काही मिनिटांनी परीक्षकांनी गुण बदलून ९.७६२ केले. लोक तरी थांबेनात. शेवटी नेमोव्ह स्वतः पुढे आला आणि हाताने खाली बसा, गप्प राहा अशी खूण केली. तेव्हा हॅमचा खेळ सुरू झाला. नेमोव्हला पदक मिळालं नाही, तो पाचवा आला. याच ऑलिंपिकमध्ये गुणांचे आणखीही वाद झाले आणि दोन वर्षांत सगळी पद्धतच बदलली. मला विचाराल तर नेमोव्हचे गुण तसे फार चुकले नव्हते. त्याचं पाऊल हललं होतं. पण त्या हजारो लोकांनी पाऊल पाहिलंच नाही, त्यांनी सहा वेळा सुटलेला हात पाहिला. मीही घरी टीव्हीसमोर त्यांच्यातच होते, हे कबूल करते.

हात सुटतो तेव्हा आपल्या पोटात जो गोळा येतो, ती मला या खेळाची खरी दाद वाटते. 'टम्बल'मध्ये तो फार थोडा वेळ आला. पट्टे बांधलेल्या माणसासाठी कुणाच्या पोटात गोळा येत नाही. जेव्हा आला तेव्हा गमतीशीर ठिकाणी आला: सराव दाखवताना, तळव्यांची कातडी सोलवटलेली कॅमेऱ्याने जवळून दाखवली तेव्हा. आजीबाईंनी चहाचा मग खाली ठेवला. लेकीने तोंड फिरवलं. खडूने पांढरा झालेला तळवा आणि मधेच लाल पट्टा, एवढंच. मी मात्र पुढे सरकून बघितलं. मला ते दुखणं ओळखीचं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा "हे नामवंत कोण" असं कुणी विचारलं नाही.

भीती खोटी नसते, याची साक्ष दीडच वर्षात मिळाली. बेथ ट्वेडल ही तीन वेळची जगज्जेती, लंडन ऑलिंपिकची पदकवाली जिम्नॅस्ट. २०१६ च्या सुरुवातीला त्या बर्फावरच्या उड्यांच्या कार्यक्रमाच्या सरावात पडली आणि तिच्या मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. जन्मभर हवेत राहिलेली मुलगी, करमणुकीच्या कार्यक्रमात मान मोडून घेऊन बसली.

त्याच वर्षी चौदा ऑगस्टच्या रात्री आपण सगळे जागलो, आठवतं ना? रिओ ऑलिंपिकमध्ये आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर. प्रोदुनोव्हा हा शब्द त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या वॉचमनलाही पाठ झाला होता. म्हणजे व्हॉल्टवरून पुढे दोन कोलांट्या आणि मग पायांवर येणं. चुकलं तर काय, हे सगळ्यांनी वाचलेलं. दीपा उतरली ती जवळजवळ बसलीच, पण उठून उभी राहिली. १५.०६६ गुण, चौथा क्रमांक, कांस्यपदकापासून ०.१५० अंतर. पदक हुकल्याचं वाईट वाटायच्या आधी खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला, कारण ती आपल्या पायांनी चालत गेली. तिथे ना धूर होता, ना झगमग, ना उचलणारे.

असो. हॅरोला परत येते. शेवटच्या शनिवारी बॉबी लॉकवूड जिंकला तेव्हा नातू नाचला, आणि आजीबाईंनी डंकनसाठी केलेल्या फोनांचं बिल किती येईल याची चर्चा सुरू केली. जावई म्हणाले, "आई, खरं सांगा, तुम्ही कुणाला मत दिलं असतं?" मी म्हटलं, उचलणाऱ्यांना. त्यांची नावं मात्र कुणाला सांगता आली नाहीत.

बीबीसीने 'टम्बल'चा दुसरा हंगाम काढला नाही. तो एकाच उन्हाळ्याचा कार्यक्रम ठरला. परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी आणि लेक नातवाचं नाव जवळच्या जिम्नॅस्टिक्स क्लबात घालायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने यादी पाहून सांगितलं, त्याच्यापुढे एकसष्ट मुलं आहेत.