तिला विचारलं का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



'मुलांचं शिक्षण' या विषयावर पाच मिनिटं बोला, असं कमिटीने सांगितलं. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण लेकीच्या कॉलेजचं काय झालं, हे तुम्ही लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी आपुलकीने विचारता. आज सगळ्यांना एकदमच सांगते.

तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. ती व्हीलचेअर वापरते, तिचा उजवा हात थरथरतो, लिहायला वेळ लागतो. डोकं मात्र झपाझप चालतं. दहावीनंतर तिने सायन्स घेतलं, कारण तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. दोन महिन्यांतच कॉलेजमधून बोलावणं आलं. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; ॲसिड सांडलं तर जबाबदारी कोणाची? "कॉमर्स घ्या, तिलाच सोपं जाईल. अजून बदलता येतंय, अर्जावर सही करा."

नातेवाईकांचंही तेच. "कशाला पोरीच्या जिवाला त्रास?" हा दबाव काळजीच्या आवाजात येतो, म्हणून त्याला नाही म्हणणं जड जातं. कॉमर्स काही कमी नाही. आपल्या सोसायटीचे हिशेब २५ वर्षं कॉमर्सवाल्यांनीच सांभाळलेत! तिने स्वतः मागितलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. पण एवढ्या बोलण्यात तिला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मला विषय जड जात नाहीये आई, जिना जड जातोय."

मग आम्ही कागद वाचायला बसलो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी त्या-त्या विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, असं त्यात आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखी परीक्षेबद्दल केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं होतं, की लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळावीत. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या खटल्यात म्हटलं, की दिव्यांगत्वाच्या नुसत्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला करता येईल का, हे तपासावं लागेल. डॉक्टरकीला हा न्याय लागू होतो, तर अकरावीला "झेपणार नाही" असं जिन्याकडे बघून कसं ठरवायचं?

आम्ही भांडलो नाही. विषय बदलायच्या अर्जावर सही केली नाही, एवढंच. त्याऐवजी पत्र दिलं, सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडलं आणि पोच घेतली. पत्रात तक्रार नव्हती, यादी होती: प्रॅक्टिकल तळमजल्यावर, खुर्ची आत जाईल एवढं टेबल, आणि एक मदतनीस.

आता केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तळमजल्यावरच्या एका खोलीत होतं. टायट्रेशनला ब्युरेटची तोटी मदतनीस फिरवतो. कधी थांबायचं ते ही सांगते, फिकट गुलाबी रंग टिकला की "बस!" रीडिंग तिचं, आकडेमोड तिची. रसायनशास्त्र शिकायला एवढं पुरतं. फिजिक्सची लॅब मात्र अजून वरच आहे. मुलं म्हणाली, आम्ही उचलून नेतो. ती नको म्हणाली. रोज चार जणांनी उचलायचं हे तिला पटत नाही, आणि पाय घसरला तर? त्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे. सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, नात्यात असं मूल असेल तर तीन गोष्टी सांगते. आधी मुलाला विचारा, आणि ते बोलत असताना मध्ये आपण उत्तर देऊ नका. जे मागायचं ते लेखी मागा. आणि अडचण विषयाची आहे की इमारतीची, हे वेगळं करून बघा.

सोसायटीकडेही एक मागणं आहे. बारावीला तिला लेखनिक लागेल, आणि तो खालच्या इयत्तेतला हवा. तिचं बोलणं सावकाश आहे. सवयीचा कान असेल तर तिचा वेळ वाचेल. आपल्याकडच्या दहावी-अकरावीच्या मुलांपैकी कोणी रविवारी तासभर तिच्याबरोबर सराव करेल का? आमचा फ्लॅट तळमजल्यावरच आहे. चहा-पोहे मिळतील आणि थोडं फिजिक्सही कानावर पडेल.