नवऱ्याने बांधलेली चाल

आम्ही भावगीतं लावली की तुमच्यातली कुणीतरी हमखास विचारते, आधी कविता की आधी चाल? आज त्यावर एक लांबची गोष्ट सांगतो, अमेरिकेतली.

पीटर लीबरसन हे तिथले संगीतकार, बौद्ध मार्गाचे साधक. सम्राट अशोकावर त्यांनी ऑपेरा रचला, ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. 1997 साली सांता फे गावी तो रंगला तेव्हा त्यात लॉरेन हंट गात होत्या. तिथे ओळख झाली, पुढे लग्न झालं.

एकदा विमानतळावर पीटर यांना गुलाबी कव्हरचं एक पुस्तक दिसलं. चिलीचे कवी पाब्लो नेरूदा यांची शंभर प्रेमसुनीतं. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. नेरूदांनी ती मातिल्दे यांच्यासाठी लिहिली होती. पीटर यांनी त्यांतली पाच निवडली आणि लॉरेन यांच्या आवाजासाठी बांधली. शब्द स्पॅनिशच ठेवले.

म्हणजे इथे कविता आधी, पण कवितेइतकाच गळाही आधी. आपल्या भावगीतात धृपद फिरून येतं, तसं यात नाही. सूर कवितेच्या ओळीमागून पुढेपुढे जातो. मागे मोठा वाद्यवृंद आहे, आणि प्रत्येकाने काय वाजवायचं ते पीटर यांनी कागदावर लिहून दिलंय. तरी तो आवाजावर चढत नाही. लॉरेन आधी व्हायोला वाजवायच्या. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य. त्यांचा आवाजही तसाच भरीव.

पाचवं सुनीत मरणाचं आहे. एक गेलं आणि एक मागे उरलं तर काय, असं ते बोलतं. मराठीत हे सांगताना आम्ही अडलो. ‘मी गेलो’ म्हणायचं की ‘मी गेले’? स्पॅनिश क्रियापदाला ही अडचण नाही. पुरुषाने लिहिलेलं बाईने गायलं तरी ते तिचंच होतं.

मे 2005 मध्ये लॉस एंजेलिसला ही गाणी पहिल्यांदा झाली. त्याच नोव्हेंबरात बोस्टनला ध्वनिमुद्रण झालं, आम्ही ऐकलं ते तेच. 3 जुलै 2006 ला स्तनाच्या कर्करोगाने लॉरेन गेल्या. वय 52.

त्यांच्यासाठी बांधलेली गाणी दुसरीने गावीत का, यावर आमच्यात जरा वादच झाला. आता केली ओकॉनर आणि इतर गायिका ती गातात. आम्हाला वाटतं, गावीत. पेटीत ठेवलेल्या लुगड्याला कसरच लागते.

पीटर पुढे स्वतः कर्करोगाने आजारी पडले. तेव्हा ते पुन्हा नेरूदांच्या सुनीतांकडेच वळले. नवी गाणी 2010 मध्ये बोस्टनला झाली, आणि 2011 च्या एप्रिलात पीटर गेले. ही दुसरी गाणी त्यांनी पुरुषाच्या आवाजासाठी बांधली होती.