ठसा, डाग आणि पुंगळी

बंगालमधल्या जलपायगुडी जिल्ह्यात १८९७ साली एका चहामळ्याचा व्यवस्थापक बिछान्यातच गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. काहीशे रुपये गायब होते. संशयितांना तोटा नव्हता. मळ्यातले मजूर होते, जवळ मुक्काम ठोकलेले काबुली होते, शिवाय स्वयंपाक्याच्या कपड्यांवर चक्क रक्त होतं. साहेबांच्या जेवणासाठी कबूतर कापलं त्याचे हे डाग, असं तो सांगत राहिला. रासायनिक तपासणीनं त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला आणि बिचारा सुटला.

मृताच्या कागदपत्रांत निळ्या कव्हराचं एक बंगाली पंचांग होतं. त्यावर दोन तपकिरी डाग. भिंगाखाली एका डागात उजव्या अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या दिसल्या. तो डागही रक्ताचाच होता, पण सस्तन प्राण्याच्या.

कलकत्त्यात त्याच वर्षी ठसे नोंदवणारं कार्यालय सुरू झालं होतं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कार्यालयांपैकी ते एक. नाव झालं पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं. वर्गीकरणाची किचकट मांडणी मात्र अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची. आपल्याकडे पोरंसोरंही बोटांवरचे शंख-चक्र मोजतात. या दोघांनी त्या मोजणीला हिशेबात बसवलं. दहा बोटांच्या पाच जोड्या. प्रत्येक जोडीत चक्र दोन्ही बोटांवर, फक्त पहिल्यावर, फक्त दुसऱ्यावर किंवा कुठेच नाही, अशा चार शक्यता. चाराला चारानं असं पाच जोड्यांपर्यंत गुणत गेलं की १०२४ येतात. तेवढे कप्पे केले, की हजारो पत्रकांतून हवं ते शोधायला फार वेळ लागत नाही.

पंचांगावरचा ठसा कांगाली चरण या माजी नोकराच्या अंगठ्याशी जुळला. मालकाकडे चोरी केल्याबद्दल तो पूर्वी तुरुंगात गेला होता, म्हणून त्याचा ठसा दप्तरी होता. १८९८ साली खटला उभा राहिला. न्यायालयानं त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, खुनाबद्दल नाही! त्याचा हात पंचांगाला लागला हे सिद्ध झालं होतं. सुरी त्याच्याच हातात होती, हे ठसा सांगू शकत नव्हता. पुढच्याच वर्षी पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठसेतज्ज्ञाच्या मताला कायद्यानं जागा मिळाली. पण त्या मताची हद्द कुठे संपते, ते जलपायगुडीच्या निकालानं आधीच दाखवून दिलं होतं.

रक्ताचंही तसंच. डाग रक्ताचा आहे का, माणसाचा आहे का आणि कोणाचा आहे, हे तीन वेगळे प्रश्न, त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. ल्युमिनॉल फवारलं की पुसलेलं रक्त अंधारात निळसर चमकतं. पण ब्लीचिंगनं धुतलेली फरशीही चमकते. थेंबाचा आकार मात्र बोलका असतो. सरळ खाली पडलेला थेंब गोल, तिरका आदळलेला लांबट. रुंदी लांबीच्या निम्मी भरली, तर थेंब पृष्ठभागाशी ३० अंशाचा कोन करून आला. अशा अनेक थेंबांच्या रेषा मागे नेल्या की जखमी माणूस उभा होता की बसला होता, याचा अंदाज बांधता येतो. वार कोणी केला, ते त्या रेषांत नसतं.

हत्यारही आपली खूण मागे ठेवतं. बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आणि चाप ओढल्यावर आदळणाऱ्या टोच्याची खूण पुंगळीच्या बुडावर. संशयित हत्यारातून प्रयोगशाळेत चाचणीची गोळी झाडतात आणि दोन्ही खुणा तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवून पाहतात. गावठी कट्ट्याच्या नळीत बहुधा खाचाच नसतात. तिथे पुंगळीवर भिस्त ठेवावी लागते. आणि हत्यारच हाती लागलं नाही तर? दिल्लीत १९९९ मध्ये जेसिका लाल या तरुणीचा गोळी घालून खून झाला, त्या खटल्यात तेच झालं. त्या रात्री झाडलेल्या गोळ्यांच्या दोन पुंगळ्या मिळाल्या, पिस्तूल कधीच मिळालं नाही. दोन पुंगळ्या एकाच हत्यारातल्या की दोन, यावर युक्तिवाद रंगले. २००६ मध्ये आधी आरोपी सुटले, त्याच वर्षी उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं.

हे सगळे पुरावे मुळात नीट गोळा व्हायला हवेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे; अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर तालुक्याच्या ठिकाणी बहुतेकदा आधी पोचतो तो ठाण्यातला हवालदारच. रक्तानं ओला सदरा त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा, पंचांसमोर सील करायचा, सह्या घ्यायच्या. खटला उभा राहिला की बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत त्या सीलपासूनच सुरुवात करतो.