लस, शंका आणि सुटीचा प्रवास



लशीविषयी शंका काढणाऱ्या पालकास अडाणी समजून गप्प करू नये. शंका निराधारच असते, असे नाही. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाची कोरोनावरील लस घेतलेल्या काही थोड्या लोकांच्या रक्तात गुठळ्या झाल्याचे आढळले. डेन्मार्कसह अनेक युरोपीय देशांनी ती थांबविली. युरोपीय औषध संस्थेने १८ मार्चला लशीचा लाभ धोक्याहून अधिक असल्याचे सांगितले. परंतु ७ एप्रिलला, हा तिचा अत्यंत विरळ दुष्परिणाम म्हणून नोंदवावा, असेही तिनेच जाहीर केले. हीच लस पुण्यात ‘कोव्हिशील्ड’ या नावाने तयार होत असे. तेव्हा ही हकीकत आपणांस परकी नाही.

पालकांना ती आडपडदा न ठेवता सांगावी. आपण लपविलेली गोष्ट त्यांना मागाहून बाजारात कळली, तर उद्या गोवराच्या लशीवरही त्यांचा विश्वास राहणार नाही.

लस म्हणजे प्रवासाचा परवाना, अशी समजूत तेव्हा कित्येकांची झाली होती. ब्रिटनने परतल्यावर विलगीकरण न लागणाऱ्या देशांत पोर्तुगालला घेतले आणि ८ जून २०२१ पासून वगळले. सहलीस गेलेल्यांची धांदल उडाली. शिवाय टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आज सुई आणि उद्या एस.टी.ने मामाच्या गावी, हे उपयोगाचे नाही. म्हणून पुन्हा साथ आली, तर सुटी लागण्यापूर्वी तीन आठवडे आधीच घरोघर विचारपूस करावी.